गाठीभोवतीची जमीन

आज आम्ही बचत गटाच्या बायका स्तनाच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत. आमच्या गटातल्या एका ताईंच्या रिपोर्टात तीनदा ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं बघून घरात पेढे आणायची तयारी झाली होती. पण इथे निगेटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, असं नसतं. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू यांच्या खुणा गाठीच्या पेशींवर सापडल्या नाहीत, म्हणून त्या खुणांवर चालणारी औषधं इथे लागू पडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

मग पुढे काय होणार, हे कशावर ठरतं? गाठ केवढी, काखेत पोचली का, पेशी किती वेगाने वाढतात, हे तर आहेच. पण गाठीच्या शेजारपाजारालाही महत्त्व आहे. शेतात राबणाऱ्या आपल्याला हे लगेच कळेल. १८८९ साली लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी या आजाराने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या. २४१ जणींच्या यकृतात कॅन्सर पोचला होता, प्लीहेत फक्त १७ जणींच्या. रक्त तर दोन्हीकडे जातं! तेव्हा त्यांनी बी आणि जमिनीचाच दाखला दिला.

ही जमीन म्हणजे गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या, चरबी, धागे विणणाऱ्या पेशी आणि आपल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे राखणदार. त्यांपैकी लिम्फोसाइट पेशी गाठीत भरपूर शिरल्या असतील, तर तिन्ही निगेटिव्ह असलेल्या कॅन्सरमध्येही बरं होण्याची आशा वाढते, केमोचा गुणही जास्त येतो. मॅक्रोफेज नावाचे काही राखणदार मात्र फितूर होतात आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. (असे राखणदार गावातही असतात, ते राहू द्या.)

जमीन म्हटलं की कुणीतरी म्हणणारच, हिनेच काहीबाही खाल्लं असेल. ताईंना हे ऐकावं लागलं. अहो, गाठच रसायनं सोडून शेजार आपल्याला हवा तसा करून घेते. बाईने काय करायचं त्यात?

लिम्फोसाइटचं प्रमाण प्रत्येक रिपोर्टात लिहिलेलं नसतं. डॉक्टरांना विचारा, पण त्यासाठी उपचार थांबवू नका. ताईंचे केमोचे चार डोस झालेत. पाचव्याला सोबत कोण जाणार, ते गुरुवारच्या बैठकीत ठरवू.