पोटातल्या बाळाची राखण

आज एका अशा भीतीविषयी बोलायचे आहे, जी चावडीवर कोणी बोलून दाखवीत नाही. ती माजघरातच कुजबुजली जाते. घरात सून गरोदर असते. उपकेंद्रातून नर्सबाईंचा निरोप येतो, ‘सूनबाईंना लस टोचायला पाठवा.’ सून सासूकडे बघते, सासू मुलाकडे बघते, आणि शेवटी उत्तर जाते, ‘पुढच्या आठवड्यात पाहू.’ हा पुढचा आठवडा काही घरांत उजाडतच नाही.

याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मला तसे म्हणवत नाही. दिवस गेल्यापासून जी बाई पपईला हात लावीत नाही, जड हंडा उचलत नाही, डोकेदुखीची गोळीसुद्धा विचारून घेते, तिने सुईबद्दल विचारले तर त्यात नवल ते काय? तिची शंका काळजीतूनच आलेली असते. तिला दटावून गप्प करता येईल, पण शंका तशीच राहील. तेव्हा उत्तरच दिले पाहिजे.

आधी रोग कसा होता ते पाहू. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. पूर्वी घरी बाळंतपण झाले की नाळ विळ्याने कापीत, वर कोणी राख लावी, कोणी शेण. जंतू त्या ओल्या जखमेतून बाळाच्या अंगात शिरत. पाच-सात दिवसांत बाळ दूध ओढेनासे होई, जबडा मिटे, अंग धनुष्यासारखे ताठ होई, आणि मग ते हाती लागण्याची आशा फार थोडी उरे. आपण पाचवी पुजतो, सटवाईची रात्र जागवतो. जन्मानंतरचा पहिला आठवडा धोक्याचा, हे आपल्या आज्यापणज्यांना पक्के ठाऊक होते. धोका कशाचा, एवढेच ठाऊक नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १९८८ या एका वर्षात जगातली सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बालके या रोगाने दगावली. २०१८ साली हा आकडा सुमारे २५ हजारांवर आला होता.

तुम्ही म्हणाल, मग बाळालाच टोचा, आईला कशाला? याचे कारण असे की, लस टोचल्यावर अंगी ताकद यायला वेळ लागतो, आणि हा रोग तर आठवड्यातच गाठतो. म्हणून आईला आधी टोचायचे. तिच्या रक्तात रोगाशी झुंजणारी द्रव्ये तयार होतात आणि वारेतून बाळाकडे पोचतात. बाळ जन्माला येते तेच आपली राखण बरोबर घेऊन! न्यू गिनी बेटावर गरोदर स्त्रियांना अशी लस देऊन पाहिली गेली आणि तिचा गुण आल्याचे १९६१ साली प्रसिद्ध झाले. पुढे देशोदेशी हाच मार्ग धरला गेला.

आता एकेक शंका घेऊ.

आजेसासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी कुठे होत्या सुया? आम्ही नाही का पोरं वाढवली?’ वाढवली, यात शंका नाही. पण आजी, जी वाचली ती अंगणात हिंडताना दिसली. जी पाचवी-सहावीला गेली, ती कोणी मोजली का?

दुसरा म्हणतो, ‘आता हा रोग दिसत नाही, मग लस कशाला?’ खरे आहे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रोगी, इतका हा रोग भारतात उतरला, असे २०१५ साली जाहीर झाले. पण देवीचा रोग आणि धनुर्वात यांत मोठा फरक आहे. देवी माणसाकडून माणसाकडे जात. १९८० साली जगातून त्यांचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, आणि देवी काढणे संपले. धनुर्वाताचे घर मात्र आपल्या मातीतच आहे. शेती आहे, गुरे आहेत, तोवर तो तिथे राहणारच. बांध घातल्यामुळे पाणी दिसेनासे झाले, म्हणून कोणी बांध फोडीत नाही.

तिसरी भीती गर्भपाताची. लसीमुळे दंड दुखतो, थोडी सूज येते, क्वचित एखादा दिवस कणकण वाटते. धनुर्वाताच्या लसीत जिवंत जंतू नसतो. निर्विष केलेले विष तेवढे असते. दुर्दैवाने काही गर्भ लस न घेताही पडतात. सोमवारी सुई टोचली आणि गुरुवारी तसे घडले, की सारे गाव सुईकडे बोट दाखवते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असा तो प्रकार असतो.

चौथी आवई अशी की, ही सुई घेतली की पुढे मूल होत नाही. केनिया देशात २०१४ साली हीच आवई उठली होती. याचे उत्तर आपल्या गावातच आहे. लस घेतल्यावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आई झालेल्या बाया गल्लोगल्ली भेटतील. त्यांनाच विचारा.

कोरोनाच्या साथीत गोंधळ वाढला, हे कबूल केले पाहिजे. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झाले तेव्हा गरोदर स्त्रियांना ती लस देत नव्हते. २ जुलै २०२१ला परवानगी मिळाली. लोक म्हणाले, ‘काल नको होती, आज हवी कशी?’ सुरुवातीच्या चाचण्यांत गरोदर स्त्रिया नव्हत्या, म्हणून आधी थांबले. पुढे माहिती हाती आली, तेव्हा पुढे गेले. गोवर-रुबेलाची लस गरोदरपणी आजही देत नाहीत, कारण तिच्यात दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. म्हणजे सरसकट टोचण्याचा हा कारभार नव्हे. निवडून, पारखून द्यायची ही गोष्ट आहे.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. दिवस राहिल्याचे कळताच नाव नोंदवा. धनुर्वात आणि घटसर्प यांची मिळून टीडी नावाची लस असते. पूर्वी टीटी देत. पहिला डोस लगेच, दुसरा चार आठवड्यांनी. आधीच्या गरोदरपणात दोन डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षे उलटली नसतील, तर एकच पुरतो. कार्ड जपून ठेवा. आणि यजमानांनो, तुम्ही स्वतः बरोबर जा. सूनबाईंच्या मनातला प्रश्न नर्सबाईंना विचारायला घरचे माणूस शेजारी असले, की तिला धीर येतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हीच टीडी लस मुलामुलींना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात. टोचणारे शाळेत येतील, त्या दिवशी मुलांना नुसते रांगेत उभे करू नका; ही लस कशासाठी, ते दहा मिनिटे फळ्यावर समजावून सांगा. आज उत्तर मिळालेली मुलगी उद्या आई होईल, तेव्हा तिला ते कुजबुजत शोधावे लागणार नाही. आणि तिच्या सासूबाईंनी विचारले, तर त्यांना समजावून सांगायला ती स्वतःच पुरी पडेल.