पैठणी वहीत उतरवता येईल का?

देहूरोडवरून मी पुन्हा तुमच्यासोबत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप.

नवीन वर्ष तोंडावर आलंय. जिमचे, डाएटचे संकल्प सगळीकडे सुरू आहेत. आज एका वेगळ्या संकल्पाबद्दल बोलू. येवल्यात आमच्या नात्यातले एक काका पैठणी विणतात. त्यांनी ठरवलंय की जानेवारीपासून दर रविवारी वहीचं एक पान लिहायचं, विणकाम शिकवणारं. वर्षाची ५२ पानं.

आता तुम्ही म्हणाल, यूट्यूबच्या जमान्यात वही कशाला? कारण सोपं आहे. त्यांच्याकडे मुलं शिकायला येतात, चार-सहा महिने बसतात आणि कंपनीत नोकरी लागली की जातात. त्यात चूक काहीच नाही, आपल्या चाकण-भोसरी पट्ट्यातही असेच कितीतरी हात आलेत. पण मधूनच सोडलेला मुलगा परत आला, तर पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. सगळं ज्ञान काकांच्या डोक्यात आणि बोटांत. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नाव जपलं जातं, पण विणणारा उरला नाही तर नुसत्या नावाचं काय करायचं?

आपल्या क्षेत्राशी याचं नातं जुनं आहे बरं का. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास असा माग आणला, ज्यात कोणता धागा उचलायचा हे भोकं पाडलेली कार्डं ठरवायची. पुढे १८४३ मध्ये एडा लव्हलेसने बॅबेजच्या यंत्राबद्दल लिहिताना याच मागाचं उदाहरण दिलं. म्हणजे प्रोग्रॅमिंगचं एक मूळ थेट मागापाशी जातं. पण पारंपरिक पैठणीत पदरावरचा मोर कार्डांवरून येत नाही. विणकर धागे मोजून बोटांनी तो भरतो. तिथे कार्ड म्हणजे विणकराची आठवण.

मग असं काम लिहिता येतं का? येतं. काश्मीरमध्ये कानी शालीसाठी ‘तालीम’ नावाची सांकेतिक लिपी आहे. कोणता रंग किती धाग्यांवरून न्यायचा, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. जर्मनीतल्या उल्म शहरात मार्क्स झिगलर नावाच्या विणकराने १६७७ मध्ये विणकामाचं पुस्तकच छापलं.

काकांच्या वहीत प्रत्येक पानावर तीन गोष्टी असणार: काय करायचं, का करायचं आणि चुकलं तर कसं दिसतं. एक उदाहरण सांगतो. पैठणीत प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. मोराचा हिरवा बाणा मोराच्या कडेपर्यंतच जातो आणि मागे फिरतो. शेजारचा जरीचा बाणाही तिथूनच फिरतो. वळताना दोन्ही एकमेकांत अडकवायचे. नाही अडकवले, तर त्या कडेला उभी चीर पडते. नुसतं ‘धागे अडकवा’ लिहिलं तर शिकणारा एखाद्या ओळीत विसरेल. चीर का पडते हे कळलं, की तो स्वतःच थांबून बघेल. बाणा जास्त ओढला की काठ आत येतो, ठोका कमी-जास्त बसला की मोर बुटका किंवा लांबट होतो. याची पण पानं होणार.

मी त्यांना एकच गोष्ट सुचवली, जी आपण कोडबाबत करतो. पान लिहिलं की ते मागावर कधीच न बसलेल्या माणसाच्या हातात द्यायचं. काका शेजारी बसतील, पण बोलणार नाहीत. तो जिथे अडेल, ती ओळ पुन्हा लिहायची.

सगळं कागदावर येणार नाही, हेही खरं. ठोक्याचा जोर हातालाच कळतो. त्यासाठी शेजारी बसावंच लागेल. पण वही असली, तर तो बसण्याचा वेळ धागे मोजायला सांगण्यात जाणार नाही.

आपण देहूच्या शेजारचे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा लहानपणापासून ऐकलीय. वह्या गेल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते, असंही मोठी माणसं सांगतात. पैठणीचं उलटं आहे. ती थोड्या लोकांच्या हातात आहे आणि वही अजून लिहायचीय.

तुमच्या घरात पण असं कोणीतरी असेल. लेथवर काम करणारे वडील, गोधडी शिवणारी आजी, मूर्ती घडवणारे मामा. त्यांना लिहायला जमत नसेल तर ते बोलतील, तुम्ही लिहा. या रविवारी फक्त एक पान. काय, का आणि चुकलं तर कसं दिसतं. लिहिलंत तर मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. नवीन वर्षाच्या शुभेच्छा!