अभिजात शास्त्रग्रंथांचे पुनर्मुद्रण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)

सुरत जिल्ह्यातील ज्या पलसाणा गावी मी राहतो, ते आज हमरस्त्यावरून अहोरात्र धावणाऱ्या मालमोटारींमुळे आणि भोवतालच्या कापड विणण्या-रंगविण्याच्या कारखान्यांमुळे लोकांस ठाऊक आहे. परंतु १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ते गायकवाड सरकारच्या नवसारी प्रांतातील एका तालुक्याचे ठिकाण होते. आणि ज्या सरकारच्या हुकमाने जमाबंदीची दप्तरे या बाजूस फिरत, त्याच सरकारच्या हुकमाने पुस्तकेही फिरत होती, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

महाराज सयाजीरावांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सबंध संस्थानात सक्तीचे केले. आणि वाचावयास शिकलेल्या मनुष्याला पुढे वाचावयास काहीच मिळाले नाही तर तो शिकलेले विसरतो, हे ओळखून त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून गावोगाव वाचनालये उघडण्याची योजना हाती घेतली. गावकऱ्यांनी जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांतपंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा त्या योजनेचा नियम होता; आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे निवडक पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी सरकारी खर्चाने पाठविली जाई, गावाने ती वाचून परत करावी आणि मग दुसरी पेटी यावी, अशी वहिवाट होती. या पेट्यांचा विचार मनात आला की पाठोपाठ एक प्रश्न उभा राहतो, तो असा की, पेटी पोहोचविण्याची तरतूद झाली, परंतु पेटीत घालावयाचे शास्त्रीय ग्रंथ आपल्या भाषेत कोठून यावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारा एक थोर पुरुष आमच्या सुरतेतच १८६३ साली जन्मला. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्यांचे नाव. रसायनशास्त्राचे हे प्राध्यापक १८९० साली बडोद्यास स्थापन झालेल्या कलाभवनाचे प्रवर्तक होते. रंगविद्या, यंत्रविद्या, सुतारकाम यांचे शिक्षण विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत मिळाले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी पुस्तके हवीत म्हणून महाराजांच्या आश्रयाने त्यांनी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला चालविली. पुढे महाराजांनी दोन लक्ष रुपयांची ठेव बाजूस काढून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ व ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ या मालांद्वारे मराठी-गुजराती ग्रंथांची परंपराच निर्माण केली.

कलाभवनाच्या स्थापनेच्याच सुमारास, १८८९ साली, जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म ऑस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने एका निराळ्या ग्रंथमालेस प्रारंभ केला होता. गज्जरांची माला नवे ग्रंथ लिहवून घेणारी होती. ऑस्टवाल्डची माला जुने ग्रंथ पुन्हा छापणारी होती. आजच्या विद्यार्थ्याला शास्त्राचे निष्कर्ष कळतात, परंतु ज्या मूळ लेखनातून ते निष्कर्ष जन्मास आले त्याची ओळख त्याला नसते, ही उणीव ऑस्टवाल्डला जाणवली, आणि हेल्महोल्ट्झच्या शक्तीच्या अक्षय्यतेवरील निबंधापासून त्याने ही माला सुरू केली. बडोद्यात आणि लाइपझिगात एकाच वेळी चाललेली ही दोन कार्ये परस्परपूरक आहेत. त्यांपैकी पहिले आपण केले, आणि सव्वाशे वर्षांनंतर आपले ते नवे ग्रंथही जुने झाले असल्यामुळे, दुसरे कार्य अंगावर घेण्याची पाळी आता आपलीच आहे, हेच मला आज सांगावयाचे आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, काव्य जुने झाले तरी ते काव्यच राहते, परंतु शास्त्र नित्य पुढे जाणारे असल्याने कालचा शास्त्रग्रंथ आज निरुपयोगी ठरतो. निष्कर्षांपुरते हे म्हणणे खरे आहे. परंतु शास्त्र म्हणजे केवळ निष्कर्षांची यादी नसून निष्कर्षाप्रत जाण्याची वाट होय. आणि पाठ्यपुस्तकाने ती वाट इतकी सरळ व गुळगुळीत केलेली असते की तेथे कोणाला कधी ठेच लागली होती हे समजतही नाही. ती ठेच, तो संशय आणि त्या संशयाचे निरसन पाहावयाचे असेल तर मूळ ग्रंथाकडेच जावे लागते.

उदाहरणार्थ, शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ साली पुण्यास प्रसिद्ध झालेला ग्रंथ घ्या. दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा ठिकाणी शिक्षकाची नोकरी करीत असताना त्यांनी वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतचा भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत लिहिला, आणि ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. कृत्तिका पूर्व दिशा सोडीत नाहीत, अशा अर्थाचे एक विधान शतपथ ब्राह्मणात आहे. आज पाहू गेल्यास कृत्तिका ठीक पूर्वेस न उगवता बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. मग ते विधान चुकीचे म्हणावे काय? दीक्षित तसे म्हणत नाहीत. संपातबिंदू, म्हणजे सूर्याचा मार्ग विषुववृत्तास जेथे छेदतो तो बिंदू, सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरतो, हे हाती धरून कृत्तिका विषुववृत्तावर केव्हा होत्या याचे ते गणित मांडतात, आणि इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे या काळापर्यंत येऊन पोहोचतात. पुढील पंडितांनी या अनुमानावर पुष्कळ वाद घातला आहे. परंतु एका वाक्यावरून काळ कसा मोजावा, ही विचाराची रीत त्या पानांवर जशी दिसते तशी अन्यत्र कोठे दिसणार?

या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९३१ साली निघाली. पुढे त्याचे हिंदी भाषांतर झाले, आणि भारत सरकारने त्याचे इंग्रजी भाषांतर १९६९ व १९८१ साली दोन भागांत प्रसिद्ध केले. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या ज्या पंचांगसुधारणा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, तिच्या अहवालालाही दीक्षितांच्या संशोधनाचा आधार घ्यावा लागला. मराठीत लिहिलेला ग्रंथ अवघ्या देशाच्या उपयोगी पडला. तो मराठी मुलांच्या शाळांतील किती कपाटांत आहे, याचा शोध आपण प्रत्येकाने आपापल्या गावी घ्यावा.

याहूनही मागे गेल्यास १८३७ साली मुंबईत हरि केशवजींनी केलेले ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ हे भाषांतर भेटते. मूळ पुस्तक जेन मार्सेट या विदुषीचे. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मायकेल फॅरडे जी पुस्तके बांधावयास आली तीच वाचून शिकला, आणि त्याला रसायनाची गोडी लावणारे पुस्तक ते हेच. म्हणजे ज्या पुस्तकाने फॅरडे घडला तेच पुस्तक त्याच्या हयातीतच मराठीत अवतरले होते. त्या काळच्या मराठी लेखकांपुढे तयार परिभाषा नव्हती. एकेका संज्ञेसाठी त्यांना संस्कृताचे भांडार आणि बाजारातील बोली दोन्ही धुंडाळावी लागली. आज मराठीत विज्ञान सांगताना शब्द अडतो अशी तक्रार करणाऱ्याने आपल्या या पूर्वसूरींचा तो उद्योग एकदा डोळ्यांखाली घालावा.

आता हे ग्रंथ पुन्हा छापावे कसे, याविषयी थोडे सांगतो. घाई करण्याचे पहिले कारण कागद हे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, म्हणजे १८५० नंतर, लाकडाच्या लगद्याचा जो कागद प्रचारात आला, त्यात राळ व तुरटीची खळ असल्याने आम्ल उत्पन्न होते, आणि ते कागदाचे तंतू आतून खात राहते. अशा पुस्तकाचे पान उलटताना त्याचा कोपरा माझ्या बोटांत तुटून राहिला, तेव्हा मला जो खेद झाला तो मी विसरू शकत नाही. कायद्याची अडचण मात्र येथे नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचा ग्रंथ सर्वांचा होतो, आणि दीक्षित काय किंवा हरि केशवजी काय, सारेच त्या मुदतीच्या पलीकडचे आहेत.

परंतु जुन्या पानांची केवळ छायाचित्रे काढून ती छापणे म्हणजे ग्रंथाचे जतन झाले. त्याचे पुनरुज्जीवन झाले असे म्हणता येत नाही. मूळ लेखनाच्या एका शब्दासही हात न लावता, कोणते मत पुढे टिकले व कोणते बदलले हे सांगणाऱ्या तळटीपा, जुन्या व नव्या संज्ञांचा कोश, विषयसूची आणि लेखकाच्या काळाचा परिचय यांची जोड दिली पाहिजे. अशा संपादनाने काय साधते याचा दाखलाही बडोद्याशी निगडित आहे. १९०९ साली बडोद्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बामनदास बसूंसह भारतीय औषधी वनस्पतींवर जो इंग्रजी ग्रंथ रचला, तो कीर्तिकरांच्या निधनानंतर १९१८ साली प्रसिद्ध झाला. पुढे ब्लॅटर, कायस आणि म्हसकर या तज्ज्ञांनी तो तपासून व वाढवून त्याची दुसरी आवृत्ती सिद्ध केली, आणि त्याचे पुनर्मुद्रण वारंवार होत राहिल्याने वनस्पतींच्या अभ्यासकांना तो आजही आपला वाटतो.

श्रोतेहो, धुळे, जळगाव, नंदुरबार या खानदेशच्या जिल्ह्यांतून ताप्तीकाठच्या रेल्वेने आलेली हजारो मराठी कुटुंबे आज सुरतेच्या परिसरात माग आणि रंगाच्या हौदांवर राबत आहेत, आणि त्यांची मुले सुरतेच्या मराठी शाळांत शिकत आहेत. ज्या रंगांत त्यांच्या वडिलांचे हात बुडतात, त्या रंगांची विद्या देशी भाषांत आणण्यासाठी याच सुरतेच्या एका सुपुत्राने आपली हयात वेचली होती. आणि ज्या धुळ्याहून त्यांचे आजोबा आले, त्याच धुळ्यात शिक्षकी करणाऱ्या एका गृहस्थाने आकाशाचा इतिहास मराठीत लिहिला होता. हे त्या मुलांना कोणी ऐकवले पाहिजे, आणि नुसते न ऐकवता ते ग्रंथ त्यांच्या हाती दिले पाहिजेत.

त्यासाठी नवा नियमही शोधावयास नको. एक वाटा गावाचा, एक वाटा प्रांताचा, एक वाटा सरकारचा, हा हिशेब या भूमीत पूर्वी चालून गेलेला आहे. त्याच हिशेबाने वाचकांनी आगाऊ वर्गणी भरावी, ग्रंथालयांनी ठरावीक प्रती घेण्याची हमी द्यावी, आणि संपादनाचा व छपाईचा उरलेला भार सरकारने किंवा विद्यापीठांनी उचलावा, म्हणजे वर्षाला एक याप्रमाणे दहा वर्षांत दहा अभिजात शास्त्रग्रंथ पुन्हा उभे राहतील. ती लाकडी पेटी पलसाण्याच्या वाटेने पुन्हा यावी आणि तिच्यात सर्वांत वर दीक्षितांचा ग्रंथ असावा, अशी माझी इच्छा आहे. आणि माझ्या गावाचा वाटा गोळा करण्याचे काम मी आजच माझ्याकडे घेत आहे.