सायकलस्वाराचे शिरस्त्राण

१९३५ सालच्या मे महिन्याची तेरा तारीख. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या एका अरुंद रस्त्यावरून एक मोटारसायकल वेगाने चालली होती. रस्त्याच्या चढउतारामुळे पुढची वाट क्षणभर दृष्टीआड झाली होती आणि त्याच वाटेवर दोन मुले सायकलींवरून जात होती. त्यांना चुकविण्यासाठी स्वाराने गाडी एकाएकी वळविली. गाडी कोलमडली आणि स्वार दूर फेकला गेला. त्याच्या डोक्यावर कसलेही कवच नव्हते. सहा दिवस बेशुद्धावस्थेत काढून १९ मे रोजी त्याने प्राण सोडला. तो स्वार म्हणजे पहिल्या महायुद्धात अरबस्तानात नाव गाजविलेला टी. ई. लॉरेन्स.

त्याच्यावर उपचार करण्यासाठी बोलावलेल्या तज्ज्ञांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. या मृत्यूने ते अस्वस्थ झाले आणि मोटारसायकलस्वारांच्या डोक्याला होणाऱ्या इजांचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास आरंभिला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसलेले लोक अपघातांत मृत्यू पावले होते. केर्न्स यांच्यापुढे शिरस्त्राण घातलेले जखमी मात्र अवघे सात आले आणि त्या सातांपैकी एकही दगावला नाही. १९४१ मध्ये त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सर्वसामान्य मोटारसायकलस्वारांसाठी तसा नियम होण्यास मात्र १९७३ साल उजाडावे लागले. केर्न्स १९५२ मध्येच निवर्तले होते. लोकांच्या सवयी किती सावकाश बदलतात, याची कल्पना या बत्तीस वर्षांवरून यावी.

मोटारसायकलच्या शिरस्त्राणाविषयी आज फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो सायकलच्या शिरस्त्राणाविषयी. आणि अलीकडे बाजारात जी नवनवी शिरस्त्राणे येत आहेत, ती खरोखरच अधिक संरक्षण देतात काय, याविषयी. त्याचा निवाडा करण्यापूर्वी शिरस्त्राण नेमके काय काम करते, हे ध्यानी घेतले पाहिजे.

पुष्कळांची समजूत अशी असते, की शिरस्त्राण म्हणजे ढाल. ते जितके कठीण तितके चांगले. वस्तुस्थिती निराळी आहे. शिरस्त्राणाचे खरे काम अडविण्याचे नसून थांबण्यास जागा देण्याचे आहे. दीड मीटर उंचीवरून उघडे डोके रस्त्यावर आदळले आणि दोन मिलिमीटरांत थांबले, असे समजू. उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले, की सरासरी धक्का निघतो. तो येथे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेसातशे पट भरतो. तेच डोके दोन सेंटिमीटर अंतरात थांबले, तर धक्का पंचाहत्तर पटींवर येतो. हे दोन सेंटिमीटर मिळवून देणारा पदार्थ म्हणजे आपल्याकडे थर्मोकोल या नावाने ओळखला जाणारा, हवेने भरलेला पॉलिस्टायरीनचा फोम. १९७५ मध्ये अमेरिकेत असा थर असलेले सायकलचे शिरस्त्राण प्रथम विक्रीस आले. त्यापूर्वी शर्यतीतले सायकलस्वार चामड्याच्या गुंडाळलेल्या पट्ट्यांची एक जाळीदार टोपी घालीत. तिचा उपयोग खरचटण्यापासून बचाव करण्यापलीकडे नव्हता.

हा फोम स्वतः चुरडून डोक्याला वाचवितो. चुरडलेला फोम पुन्हा फुलत नाही. म्हणून एकदा जोरदार आपटलेले शिरस्त्राण वरून धडधाकट दिसले, तरी टाकून द्यावे लागते. काम करताना नष्ट होणे हाच त्याचा धर्म आहे.

या शिरस्त्राणांची कसोटी कशी घेतात? धातूच्या कृत्रिम डोक्यावर शिरस्त्राण चढवून ते पोलादी ऐरणीवर सरळ टाकतात. १९९९ पासून अमेरिकेत लागू असलेल्या नियमानुसार सपाट ऐरणीवरील ही उंची सुमारे दोन मीटर असते, म्हणजे आदळण्याचा वेग ताशी सुमारे बावीस किलोमीटर होतो. आणि धक्का गुरुत्वाकर्षणाच्या तीनशे पटींच्या आत राहिला पाहिजे. युरोपातील मर्यादा अडीचशे पटींची आहे, तथापि तेथे आदळण्याचा वेगही थोडा कमी धरतात. भरधाव मोटारीची धडक या परीक्षेत मुळीच गृहीत धरलेली नाही.

या परीक्षेत दोन उणिवा आहेत. पहिली अशी, की तीनशे पटींची मर्यादा कवटी फुटू नये आणि प्राण जाऊ नयेत, यासाठी आखलेली आहे. मेंदूला हादरा बसून चक्कर, विस्मरण, दीर्घकाळची डोकेदुखी असे त्रास याहून पुष्कळ कमी धक्क्यानेही होतात. मोठ्या आघातासाठी घट्ट बनविलेला फोम लहान आघाताच्या वेळी पुरेसा दबतच नाही. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. सायकलवरून पडणारा मनुष्य सरळ खाली पडत नाही. त्याला पुढची गती असते. त्याचे डोके रस्त्यावर तिरपे आदळते आणि घासले जाऊन एकाएकी गर्रकन फिरते.

या फिरण्याचे महत्त्व केर्न्स यांच्याबरोबर ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या हॉलबोर्न या पदार्थवैज्ञानिकाने १९४३ मध्येच दाखवून दिले होते. त्यांनी जिलेटिनच्या मेंदूवर प्रयोग केले. मेंदू पाण्यासारखाच दाबला न जाणारा, परंतु आकाराने सहज बदलणारा पदार्थ आहे. घट्ट लागलेल्या दह्याचा डबा काठोकाठ भरलेला असेल आणि तो सरळ पुढे ढकलला, तर दही बहुधा जसेच्या तसे राहते. तोच डबा हिसक्याने फिरवला, तर दही कडेपासून सुटते आणि आत तडे जातात. मेंदूतील बारीक तंतूंचे तसेच होते. म्हणजे कवटी शाबूत राहूनही आतील मेंदू ताणला जाऊ शकतो. हे तत्त्व माहीत असूनही कसोट्यांनी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ सरळ आघातच मोजला. कारण तो मोजणे सोपे होते.

नव्या शिरस्त्राणांचा जन्म या उणिवेतून झाला. स्वीडनमधील मेंदूचे शल्यचिकित्सक हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हाल्डिन यांनी शिरस्त्राणाच्या आत एक पातळ, गुळगुळीत, सरकणारा थर बसविण्याची कल्पना काढली. तिरपा आघात झाला, की बाहेरचे कवच डोक्यावर दहा ते पंधरा मिलिमीटर सरकते आणि फिरण्याची काही शक्ती तेथेच खर्च होते. हे तंत्र मिप्स या नावाने प्रसिद्ध आहे. दुसऱ्या एका प्रकारात फोमच्या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दुमडणारी प्लास्टिकची जाळी वापरतात. तिसरा प्रकार तर गळ्यात बांधण्याच्या पट्ट्याचा होता. ल्युंद येथील आना हाउप्ट आणि तेरेसे आल्स्टिन या दोन विद्यार्थिनींनी २००५ मध्ये तो आरंभिला. तोल गेल्याचे पट्ट्यातील यंत्राने ओळखले, की हवेची पिशवी फुगून डोक्याभोवती टोपडे तयार होई.

ही साधने खरोखर उपयोगी पडतात काय? प्रयोगशाळेचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१८ मध्ये तीस शिरस्त्राणे तिरप्या, खरखरीत ऐरणीवर आपटून त्यांना तारे देण्यास प्रारंभ केला. पाच तारे मिळविणारी चार निघाली आणि त्या चारांतही सरकता थर होता. मात्र किंमत जास्त म्हणून तारे जास्त, असा संबंध आढळला नाही. हवेच्या पिशवीने तर २०१६ मधील स्टॅनफर्डच्या चाचण्यांत सरळ आघाताचा धक्का साध्या शिरस्त्राणाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आणला. तिला थांबण्यास जागा मोठी होती, हे त्याचे कारण. परंतु तेथेही पिशवीत हवेचा दाब पुरेसा असावा, ही अट होतीच. पुढे स्वीडनच्या ग्राहकसंरक्षण खात्याने सुरक्षिततेच्या शंकेवरून या पट्ट्याची विक्री रोखली आणि २०२३ च्या डिसेंबरात त्याचे उत्पादक दिवाळखोरीत निघाले. उघडली तर उत्तम, पण उघडेल याची खात्री काय, असा प्रश्न अशा प्रत्येक यंत्राला विचारावा लागतो. थर्मोकोलला बॅटरी लागत नाही.

प्रयोगशाळेच्या होकाराकडेही सावधपणे पाहिले पाहिजे. माणसाच्या डोक्यावरील त्वचा मुळातच कवटीवर सरकते आणि केस घर्षण कमी करतात. निसर्गाने काही प्रमाणात सरकता थर आधीच दिलेला आहे. कसोटीचे कृत्रिम डोके रबरासारखे चिकट असेल, तर शिरस्त्राणातील थराचा लाभ प्रत्यक्षाहून मोठा दिसण्याचा संभव असतो. जाहिरातींचा प्रकार तर याहून वेगळा. २०१९ मध्ये जाळीच्या शिरस्त्राणाविषयी ‘अठ्ठेचाळीस पटींपर्यंत अधिक परिणामकारक’ असा डंका पिटला गेला. तो आकडा रस्त्यावरील अपघात मोजून काढलेला नव्हता. प्रयोगशाळेतील ठराविक आघातांवरून मेंदूला हादरा बसण्याची जी संभाव्यता अनुमानिली, तिचे ते गुणोत्तर होते. ते प्रयोग असत्य होते असे नव्हे. परंतु ‘या ऐरणीवर, या कोनात’ हे शब्द जाहिरातीत गळून पडतात आणि आकडा तेवढा शिल्लक राहतो.

मग साध्या शिरस्त्राणाचे तरी काय? त्याची साक्ष रस्त्यावरून मिळालेली आहे. ऑलिव्हिए आणि क्रेटन या संशोधकांनी ४० अभ्यास आणि ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वार यांचा एकत्रित विचार केला. शिरस्त्राण घातलेल्यांत डोक्याला इजा होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी, गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी आणि प्राणघातक इजेची ६५ टक्क्यांनी कमी आढळली. ही तुलना अपघात होऊन जखमी झालेल्यांमधील आहे. अपघातच कमी होतात काय, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा आहे. नेमका तेथेच वाद आहे. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी स्वतःच्या सायकलवर अंतरमापक बसवून २००६ मध्ये असे दाखविले, की त्यांनी शिरस्त्राण घातले असता मोटारी सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. पुढे इतरांनी तीच माहिती पुन्हा तपासून, या फरकाला व्यवहारात फारसा अर्थ नाही, असे म्हटले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने जगात प्रथम, १ जुलै १९९० रोजी, सायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. वापर वर्षभरात ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेला, डोक्याच्या इजा घटल्या; पण किशोरवयीन मुलांचे सायकल चालविणेही घटले. उलट नेदरलँड्समध्ये शिरस्त्राण घालणारा सायकलस्वार विरळाच. तेथील समाजाने सायकलसाठी वेगळे मार्ग बांधले आणि वस्तीतील मोटारींचा वेग आवरला.

या सर्वांचे तात्पर्य असे, की शिरस्त्राण ही बचावाची शेवटची तटबंदी आहे, पहिली नव्हे. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मोटारसायकलस्वाराला शिरस्त्राण बंधनकारक केले आहे. सायकलस्वाराला तो लागू नाही. त्यामुळे मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण ठेवावे की नाही, हा निर्णय घरातच व्हावयाचा असतो. तो घेताना नव्या तंत्राचा थर असेल तर उत्तम. तो परवडत नसेल, तर साधे, प्रमाणित शिरस्त्राणही मोठे काम करते. साध्या शिरस्त्राणात आणि नव्यात जितके अंतर आहे, त्याहून फार मोठे अंतर उघड्या डोक्यात आणि साध्या शिरस्त्राणात आहे. ते भुवयांच्या किंचित वर, आडवे बसावे. हनुवटीखालचा पट्टा आवळलेला असावा. कपाळावरून मागे सरकलेले किंवा पट्टा मोकळा सोडलेले शिरस्त्राण कितीही आधुनिक असले, तरी पडण्याच्या क्षणी ते डोक्यावर असेलच असे नाही.

लॉरेन्सच्या वाटेवरील ती दोन मुले सायकलींवरच होती. त्यांच्या डोक्यावर काय होते, हे त्या दिवशी कुणी विचारले नाही. आज तो प्रश्न विचारला जातो, हे केर्न्स यांच्या अस्वस्थतेचे फळ होय. परंतु त्याच्याच जोडीला दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे: मुलांनी निर्धास्तपणे सायकल चालवावी, असा रस्ता त्यांना दिला आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही.