सौर पॅनेल : अंगणात की छपरावर?



सौर पॅनेल जमिनीवर उभारावे की छपरावर, याचा निर्णय विक्रेत्याच्या सोयीने नव्हे, आपल्या घराची प्रकृती पाहून घ्यायचा असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीची जड घरे कोसळली आणि हजारो माणसे त्यांखाली गाडली गेली. तो धडा स्मरणात ठेवून जुन्या माळवदावर लोखंडी सांगाड्याचा भार चढवू नये. अशा घरामागे परसदार मोकळे असेल, तर जमिनीवरची उभारणीच श्रेयस्कर. भक्कम स्लॅब असेल, तर मात्र अंगण अडवण्याचे कारण नाही.

एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. दक्षिणेस वीस फुटी कडुनिंब असेल, तर डिसेंबरअखेर भर दुपारीही त्याची सावली सुमारे १८ फुटांपर्यंत पोहोचते. झाड तोडण्यापेक्षा पॅनेलची जागा बदलावी.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून खांबांचा पाया मुरमापर्यंत न्यावा. अन्यथा सांगाडा कलतो. जमिनीवरील पॅनेल हाताशी असल्याने ओल्या फडक्याने पुसता येते. २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला ही बचत लहान नाही.

केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेचा भर छपरावरील संचांवर आहे. तेव्हा जमिनीवरील संचाला अनुदान मिळेल का, हे महावितरणकडून आधी लेखी विचारून घ्यावे आणि मगच विक्रेत्याला आगाऊ रक्कम द्यावी.