पुस्तकातले वर्तुळ आणि टेबलावरचा मेंदू



मला मिळालेला वेळ मी एकाच विषयाला देणार आहे: मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्या आणि त्यांच्यातले फरक.

थॉमस विलिस यांचा मेंदूवरचा ग्रंथ १६६४ साली निघाला. त्यातली चित्रे काढली क्रिस्टोफर रेन यांनी, ज्यांनी पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल उभारले. त्यातले धमन्यांचे वर्तुळ आपण सगळ्यांनी पहिल्या वर्षी घोकले आहे. पण त्याच ग्रंथात विलिस एका मृत माणसाची हकिगत सांगतात. त्याची उजवी कॅरोटिड जवळजवळ पूर्ण बंद होती. तरीही त्याला पक्षाघात झाला नव्हता, कारण त्याच बाजूची व्हर्टिब्रल दुसरीच्या तिप्पट जाड झाली होती. म्हणजे विलिस यांनी या वर्तुळाच्या वर्णनासोबतच त्यातल्या फरकाचीही नोंद केली. आपण मात्र चित्र तेवढे उचलले.

पुस्तकातल्यासारखे सर्व बाजूंनी भरलेले, सारख्या जाडीचे वर्तुळ बहुतेक अभ्यासांत निम्म्याहून कमी माणसांत आढळते. मग अपवाद कुणाला म्हणायचे?

एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. गर्भात सुरुवातीला पश्चमस्तिष्क धमनीला रक्त कॅरोटिडकडून मिळते. पुढे बॅसिलर हे काम हाती घेते आणि कॅरोटिडकडचा दुवा बारीक होतो. काहींमध्ये तो बारीक होतच नाही. डिसेक्शन हॉलमध्ये मेंदू उलटा ठेवून चिमट्याने अ‍ॅरॅक्नॉइड हलकेच सोलले, की दृष्टिचेतांच्या फुलीच्या मागे हे दिसते: एका बाजूला दोऱ्याएवढी जोडधमनी, दुसऱ्या बाजूला तीच ठसठशीत, आणि बॅसिलरकडून येणारा तुकडा केसासारखा. हा माणूस जगतो, म्हातारा होतो, त्याला काही त्रास होत नाही. पण त्याच्या मानेतल्या कॅरोटिडमध्ये गुठळी झाली, तर ती थेट मेंदूच्या मागच्या भागात पोहोचू शकते. अर्धी दृष्टी जाते. डॉक्टर कारण शोधतात व्हर्टिब्रल आणि बॅसिलरमध्ये, आणि मानेतला खरा दोष नजरेआड राहतो. ही रचना दुर्मीळ नाही, म्हणूनच मला तिची काळजी वाटते.

पुढच्या बाजूलाही असेच. एका अग्रमस्तिष्क धमनीचा पहिला तुकडा फारच बारीक असेल, तर दोन्ही बाजूंचा भार एकीवर पडतो. आणि अग्र जोडधमनीवरचे फुगे अशा माणसांत अधिक दिसतात. पर्शेरॉन यांनी वर्णिलेली धमनी तर एकाच खोडातून दोन्ही थॅलॅमसना रक्त देते. ती तुंबली की माणूस गुंगीत जातो, हातपाय मात्र बहुधा हलत असतात, आणि सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा काहीच दिसत नाही. ज्याला ही धमनी माहीत आहे, त्यालाच ती आठवेल.

म्हणून मला आपल्या शरीररचनाशास्त्र विभागांविषयी बोलायचे आहे. लोक मृत्यूनंतर आपला देह आपल्या स्वाधीन करतात, घरचे लोक दुःखात असतानाही तो आणून पोहोचवतात. आणि आपण काय करतो? कवटी उघडताना घाईने मेंदू ओढला जातो, कॅरोटिड वाकड्यातिकड्या तुटतात, जोडधमन्या फाटतात; मग तो मेंदू काप करण्यासाठी बादलीत जातो. त्या एका माणसाची रचना कायमची जाते. देहदात्याशी आपण केलेला हा अन्याय आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

माझी सूचना साधी आहे. धमन्या धारदार पात्याने, कवटीच्या तळाशी शक्य तितक्या खाली कापाव्यात. काप करण्यापूर्वी तळाचा फोटो, प्रत्येक तुकड्याचा बाहेरचा व्यास आणि डावी-उजवी बाजू नोंदवावी. कामाला अर्धा तास लागेल. जिथे सोय असेल तिथे क्ष-किरण विभागातल्या सहकाऱ्यांना अँजिओग्राफीच्या अहवालात ‘नॉर्मल व्हेरिएंट’ एवढ्यावर न थांबता कोणता फरक, कोणत्या बाजूला, हे लिहिण्याची विनंती करावी. नोंदवहीच्या रकान्यांचा मसुदा मी सोबत आणला आहे; दुपारच्या सत्रानंतर पदव्युत्तर विद्यार्थ्यांसह बसून त्यात दुरुस्त्या करू आणि येत्या सत्रापासून सर्व महाविद्यालयांत एकाच नमुन्यात नोंदी सुरू करू.