श्वासयंत्र आणि त्याचा मास्क
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या संस्थेच्या रुग्णसाहित्य-केंद्रातून चाकाच्या खुर्चीबरोबरच आता श्वासाला साहाय्य करणारी यंत्रेही घरोघर जाऊ लागली आहेत. ही गोष्ट भूषणावह खरीच. परंतु यंत्र दिले म्हणजे श्वास दिला, असा एक समज रूढ होऊ पाहत आहे. तो दूर करावा, एवढ्याच हेतूने आम्ही आपणापुढे उभे आहोत.

१९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. तेव्हा डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडून नळीवाटे फुप्फुसांत हवा भरण्याचा उपाय योजिला, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हातांनी पिशव्या दाबून कित्येकांचे प्राण राखले. परंतु नळीमुळे वाचा खुंटते व जंतुसंसर्गाचे भय वाढते. पुढे १९८१ साली सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी निद्रेतील श्वासरोधावर नाकावरील मास्कमधून दाबाची हवा देण्याचा उपाय प्रसिद्ध केला. आज जुनाट श्वासविकाराने रक्तात कार्बन डायॉक्साइड साठू लागला, तर मास्कद्वारा दिलेले साहाय्य अनेकांना नळीपासून आणि मृत्यूपासूनही वाचविते.

मात्र मास्क हे केवळ झाकण नव्हे. निरोगी मनुष्य एका श्वासात सुमारे ५०० घनसेंटिमीटर हवा घेतो. पैकी सुमारे १५० घनसेंटिमीटर हवा घसा व श्वासनलिका यांतच राहते आणि रक्तापर्यंत पोहोचत नाही. मास्कच्या पोकळीची त्यात भर पडते. तथापि पोकळीच्या आकारापेक्षाही उच्छ्वास बाहेर पडण्याची वाट कोठे आहे, याला अधिक महत्त्व आहे. घरगुती यंत्राला बहुधा एकच नळी असते. उच्छ्वास बाहेर जावा म्हणून मास्कला किंवा नळीला मुद्दाम बारीक छिद्रे ठेवलेली असतात, आणि उच्छ्वासाच्या वेळीही यंत्र थोडा दाब राखून वापरलेली हवा त्यांतून लोटीत असते. ही छिद्रे नाकाजवळ असली, म्हणजे मास्क अधिक चांगला धुतला जातो. रुग्णालयांत बिनछिद्रांचे मास्कही असतात. ते निराळ्या जोडणीसाठी. तसला मास्क छिद्ररहित एकेरी नळीला लाविला, तर रुग्ण स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेतो.

आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांच्या घरी छिद्रांतून येणारा फुसफुस आवाज ऐकून 'हवा वाया जाते' अशा समजुतीने त्यांवर चिकटपट्टी लाविली गेली. गृहस्थांना गुंगी आली. घरच्यांना वाटले, बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली! सुनेने हाका मारल्या, पण ते उठेनात. तिने मास्क काढून त्यांना तातडीने रुग्णालयात नेले, म्हणून ते वाचले. दोष कोणाचाच नव्हता. त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते.

याच्या उलट प्रकारही घडतो. नाकापुरता मास्क असता तोंड उघडे राहिले, की दाब निसटतो. दाढी असली किंवा कवळी काढून गाल खोल गेले, की कडेने हवा डोळ्यांत जाते. मग पट्टे करकचून आवळले जातात आणि नाकाच्या दांड्यावर व्रण पडतो. वेदनेने रुग्ण मास्कच फेकून देतो. तोंड व नाक दोन्ही झाकणारा मास्क हवा राखतो, पण वांती झाल्यास तो तत्काळ काढता आला पाहिजे.

म्हणून केंद्राच्या चालकांस आमची तीन विनंत्या आहेत. मास्कचा प्रकार व माप डॉक्टरांनी लिहून दिल्यावाचून यंत्र देऊ नये. प्रत्येक रुग्णास त्याचा स्वतंत्र मास्क असावा. आणि यंत्र नेणाऱ्या घरातील दोन माणसांना तरी छिद्रे कोणती, ती का उघडी ठेवावयाची आणि कोणती गुंगी ही झोप नव्हे, हे प्रत्यक्ष दाखवावे.

देणगीदारांनी यंत्रे दिली. आता ज्ञान देण्याचे काम आपले आहे.